फळीवरची ओळ

आमच्या गावात कोणी वारलं की त्याची हकिगत मी लिहायची आणि ऑर्फाबाईनं तिचे छपाईचे खिळे जुळवायचे, असा सव्वीस वर्षांचा क्रम. गेल्या मंगळवारी ऑर्फा डंकली स्वतःच वारली. आता लिहिणाराही मी आणि जुळवणाराही मीच. माझी बोटं जाड आहेत, नजर अधू झाली आहे, तेव्हा चुका राहतील. तिच्या हातून राहिल्या नसत्या.

अठराशे चौऱ्याऐंशीच्या शरदात ती माझ्या छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा विहीर खणताना ढासळलेल्या मातीखाली गेला होता, त्याला तीन आठवडे झाले होते. सहा वर्षांचा लायमन तिच्या घागऱ्याला धरून होता. मला लिहितावाचता येतं, ती म्हणाली. मी तसा पहिल्यापासून तोंडाळ. म्हटलं, बाई, सरळ वाचणारे गावात पुष्कळ आहेत, मला उलटं वाचणारी हवी. शिशाचे खिळे उलटेच वाचावे लागतात, त्यात काही मोठी गंमत नव्हती, पण मला वाटलं ती घाबरून जाईल. ती म्हणाली, द्या.

मी तिला परीक्षेसाठी जॉर्ज वॉशिंग्टनचा निरोपाचा उपदेश जुळवायला दिला. दर बावीस फेब्रुवारीला, त्याच्या जयंतीला, आम्ही तो पहिल्या पानावर छापत असू. परक्या मुलखांशी व्यापार करा, पण त्यांच्या भांडणात पडू नका आणि त्यांच्या सोयरिकीत अडकू नका, असा त्याचा मथितार्थ. तिला तीन दिवस लागले आणि एकच चूक निघाली. प्रूफ तपासून झाल्यावर मी खिळे सोडवून परत खणात टाकायला सांगितले, तर म्हणाली, मालक, दरसाल हाच मजकूर असेल तर मोडायचा कशाला? तिनं तो अख्खा मजकूर दोरीनं करकचून बांधला आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवून दिला. पुढे चौदा वर्षं दर फेब्रुवारीत धूळ पुसायची, शाई लावायची, की काम झालं. गावात त्याला ‘म्हाताऱ्याचा ठोकळा’ म्हणत.

आणि मीही त्या ठोकळ्याशी इमान राखून होतो, निदान मला तसं वाटत होतं. त्र्याण्णव साली हवाई बेटांच्या राणीला आपल्याच अमेरिकन लोकांनी गादीवरून उतरवलं आणि बेटं घशात घालावीत अशी ओरड पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांनी सुरू केली. तेव्हा मी दोन रकाने भरून लिहिलं. आमच्याकडे मक्याला भाव नव्हता, लोक कोळसा परवडत नाही म्हणून शेगडीत मक्याची कणसं जाळत होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, कसली बेटं घेऊन बसलात, असं मी ठणकावलं. ऑर्फाबाईनं ते जुळवलं आणि प्रथमच माझ्या लिहिण्यावर मान डोलावली.

पाच वर्षांत हाच मी फिरलो. वारा फिरला की अंगणातली पवनचक्की फिरते, तितक्याच सहज फिरलो. क्यूबात स्पेनचे लोक बायकापोरांना छावण्यांत कोंडून उपाशी मारतात, अशा बातम्या रोज येऊ लागल्या. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात आपली युद्धनौका फुटली. कशानं फुटली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मला मात्र ठाऊक होतं. त्याच आठवड्यात पहिल्या पानावर वर म्हाताऱ्याचा ठोकळा आणि खाली माझा लेख, की शेजारच्या घरात पोरं रडत असताना कानात बोळे घालून बसणारा तो माणूसच नव्हे. ऑर्फाबाई जुळवता जुळवता म्हणाली, “मालक, हेच खिळे त्र्याण्णव साली उलट सांगत होते.”

“खिळ्यांना मत नसतं, ऑर्फाबाई.”

“तेच म्हणते मी. म्हणून तर माणसाला असावं लागतं.”

मला राग आला. पण तिच्यासारखी जुळारीण मिसुरी नदीच्या पश्चिमेला मिळाली नसती, म्हणून गिळला.

एप्रिलमध्ये युद्ध जाहीर झालं आणि राज्याराज्यानं आपापली पलटण उभी केली. लायमन वीस वर्षांचा झाला होता. शांत पोरगा. बोलायला लागला की शब्द शोधत बसे, म्हणून गावातली टारगट पोरं त्याला चिडवत. एकविसाच्या आतल्यांना आईबापाची सही लागे आणि ऑर्फाबाई सही करीना. लायमन माझ्याकडे आला. प्रुइटकाका, तुमचं ती ऐकते, म्हणाला. ती माझं कधी ऐकत नव्हती हे त्याला काय माहीत. पण मला स्वतःच्या लेखांची नशा चढली होती. मी तिच्या घरी गेलो, तिनं दिलेली मक्याची भाकरी खाल्ली आणि तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, उपाशी लोकांना सोडवायचं, यात कुणाचं काही घ्यायचं नाही, क्यूबा आपण ठेवणार नाही असं वॉशिंग्टनला काँग्रेसनं लिहून दिलंय. दुसरं, पोरं मका कापायच्या आत घरी येतील. तिनं बराच वेळ हात पुसले आणि सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

पलटण क्यूबाला गेलीच नाही. तिला रेल्वेनं सॅनफ्रान्सिस्कोला नेलं आणि तिथून आगबोटीनं मनिलाला, कारण तिथेही स्पेनचंच राज्य होतं. मनिला कुठे आहे हे बघायला अर्धं गाव शाळेत लोटलं. शाळेचा पृथ्वीचा गोल एकदा पडून फुटला होता आणि मास्तरीणबाईंनी त्यावर कागद डकवला होता. मनिला ज्यात आहे ती फिलिपाईन्स बेटं नेमकी त्या कागदाखाली निघाली. लोक पोट धरून हसले. मीही हसलो आणि त्यावर एक खुमासदार टिपण लिहिलं.

ऑगस्टमध्ये स्पेनशी युद्ध संपलं. मका कापून झाला, पोरं काही आली नाहीत. डिसेंबरात तह झाला, आपण दोन कोटी डॉलर देऊन ती बेटं घेतली. तिथल्या लोकांना वाटत होतं की स्पेन गेला म्हणजे आता आपलं राज्य. फेब्रुवारीत त्यांची आणि आपली जुंपली. आता या सगळ्याला काय म्हणायचं? बोट दिलं तर हात धरला म्हणायचं, पण हात धरणारे आपण होतो. मी मात्र लिहिलं की निशाण जिथे एकदा चढलं तिथून ते उतरत नसतं. ऑर्फाबाईनं तेही जुळवलं. यावेळी फक्त विचारलं, पोरं कधी येणार हे त्यात कुठे घालू?

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं. दर शनिवारी टपाल आलं की मनिलाहून आलेली पत्रं पोस्टाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायची. घरच्यांनी पाकीट न फोडताच वाचणाऱ्याच्या हाती द्यायचं. आधी फोडलं तर काही लपवायचंय की काय, असं लोक म्हणत. आवाज मोठा म्हणून वाचायचा मान माझा. मग पुढच्या अंकात ते पत्र छापायचं, आणि चर्चच्या बायका महिन्याचे अंक बांधून पोरांना मनिलाला धाडायच्या. आपलं पत्र छापून आलेलं पाहून पोरं खूष होतील, एवढाच हेतू. छापलेला कागद समुद्र ओलांडून पोरांच्या कॅप्टनच्याही हाती पडेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात लायमनचं पत्र आलं. ऑर्फाबाईनं पाकीट माझ्या हातात दिलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता, कारण दोन महिन्यांनी आलं होतं. मी वाचू लागलो. भात, चिखल, ताप. मग एक गाव. कॅप्टनचा हुकूम होता की कैदी घ्यायचे नाहीत. घरं पेटवल्यावर चार माणसं हात वर करून बाहेर आली. त्यातल्या एका म्हाताऱ्याला दोन्ही हात वर करता येईनात, कारण एका बगलेत त्याचा झुंजीचा कोंबडा होता. त्याला मी मारलं, असं लायमननं लिहिलं होतं. म्हातारा पडला आणि कोंबडा तिथेच उभा राहिला. मी त्याला हाकललं तरी तो जाईना, असंही लिहिलं होतं.

कोंबड्याच्या ओळीपाशी मी वाचता वाचता थोडा थांबलो. लोक हसतील हे मला माहीत होतं, आणि वाचणाऱ्यानं हसायला जागा द्यावी लागते. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, आपला मुखदुर्बळ लायमन असा निघाला की काय. टाळ्या पडल्या. पुढे एकच ओळ होती, आई, मला अजून तो दिसतो. ती टाळ्यांत कोणाला ऐकू गेली नसावी. मला गेली होती.

सोमवारी ऑर्फाबाई कामाला आली ती टोपीही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

“मालक, ते पत्र छापू नका.”

“अहो, अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या.”

“तो बढाई मारत नाहीये. तो रडतोय. तुम्हाला रडणं ऐकू येत नाही का?”

मी म्हटलं, आई आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं. इतरांची पत्रं छापली, एकट्याचं गाळलं तर लोक काय म्हणतील? हे तर मर्दाचं पत्र आहे. ती म्हणाली, मग माझ्या हातानं नाही. आणि पंधरा वर्षांत प्रथमच ती सुट्टी घेऊन घरी गेली.

मी स्वतः जुळवायला बसलो. पत्र लांब होतं, त्या अंकात माझा निशाणावरचा दुसरा लेखही होता, आणि अर्ध्यावर खिळे संपले. मी इकडेतिकडे पाहिलं. फळीवर म्हाताऱ्याचा ठोकळा होता. मी दोरी सोडली. तिच्या हातचं पहिलं काम, चौदा वर्षं जपलेलं, मोडून मी त्याच खिळ्यांत लायमनचं पत्र पुरं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं रिकामी फळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि खिळे जुळवायची स्टिक उचलून कामाला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं पटापट झालं. बोस्टनकडची मंडळी बेटं घेण्याच्या विरोधात होती. आमचा अंक त्यांच्या हाती लागला आणि आपले शिपाई काय करतात याचा पुरावा म्हणून त्यांनी ते पत्र नावानिशी छापलं. मनिलात आमचाही अंक पोचला होताच. वरून कॅप्टनला विचारणा झाली. कॅप्टननं लायमनला बोलावून दोन वाटा दाखवल्या. पत्र खरं असेल तर कैदी मारल्याबद्दल तुझ्यावरच खटला, कारण हुकूम दिल्याचं मला आठवत नाही. खोटं असेल तर तसं लिहून दे.

ऑगस्टात छापखान्याच्या पत्त्यावर पलटणीच्या कचेरीतला कागद आला. त्यावर दुसऱ्याच्या अक्षरात चार वाक्यं होती, की मी जे लिहिलं ते धादांत खोटं असून गावात शूर दिसावं म्हणून रचलं होतं, आणि खाली लायमनची सही. सोबत आईला चिठ्ठी. पलटण सप्टेंबरात निघणार आहे, हे छापून आलेलं दिसलं नाही तर मला मागे ठेवतील, मालकांना म्हणावं लवकर छापा.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, हे मी जुळवतो, तुम्ही घरी जा. ती म्हणाली, “तुम्हाला दोन दिवस लागतील. गुरुवारची आगगाडी चुकेल.”

ती बसली. तिची बोटं एरवी पाखरानं दाणे टिपावेत तशी चालत. त्या दिवशीही तशीच चालली. आपला मुलगा खोटारडा आहे हे तिनं अर्ध्या तासात जुळवलं. मी प्रूफ काढलं, एकही चूक नव्हती. आम्ही अंक छापला आणि गुरुवारच्या गाडीनं धाडला.

लायमन ऑक्टोबरात पलटणीबरोबर आला. स्टेशनवर बँड होता, शेंगदाण्याचे आणि सफरचंदाच्या रसाचे ठेले होते. इतरांना लोकांनी खांद्यावर घेतलं. लायमन आपली पेटी उचलून चालत घरी गेला, कारण आता त्याचं काय करायचं हे गावाला कळत नव्हतं. शूर म्हणावं तर त्यानं स्वतःच खोटं म्हणून लिहून दिलेलं. दुकानात गेला की कोणीतरी मागून कोंबड्यासारखं आरवायचं. तो वळून बघायचाही नाही. आठ दिवसांनी तो छापखान्यात आला, हिवतापानं पिवळा पडला होता. शब्द शोधत उभा राहिला आणि मग म्हणाला,

“काका, तुम्ही दोन्ही छापलंत. लोक मला विचारतात, कुठलं खरं. मी काय सांगू?”

मी म्हटलं, झालं गेलं विसरून जा, पोरा. यापेक्षा फालतू वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही आणि बोललेलोही नाही. तो मान हलवून निघून गेला.

पुढे त्यानं रेल्वेच्या टोळीत काम धरलं, ताप आला की सोडलं, पुन्हा धरलं. एकोणीसशे एकच्या जानेवारीत तापातच गेला. तेविसाव्या वर्षी. ऑर्फाबाईनं मला सांगितलं की शेवटच्या दिवशी तो तिला एकच गोष्ट म्हणाला, आई, मी खोटं बोललो नव्हतो, तेवढं छापायला सांग.

त्याची हकिगत मी लिहिली. मनिलाचा वीर, आईचा आधार, वगैरे दहा ओळी. ऑर्फाबाईनं जुळवली. प्रूफ पाहिलं तर ओळी अकरा होत्या. शेवटची ओळ माझी नव्हती.

“ऑर्फाबाई, हे काय?”

“त्यानं सांगितलेलं. एवढंच मागते, मालक. सतरा वर्षांत काही मागितलं नाही.”

आता माझं पाप सांगतो. आदल्याच महिन्यात मला पोस्टमास्तरकी मिळाली होती. निशाण, बेटं आणि राष्ट्राची नवी भरारी यांवर तीन वर्षं लिहिल्याचं ते फळ होतं. ही नेमणूक वॉशिंग्टनहून होते आणि वॉशिंग्टनहूनच काढून घेतात. पलटणीच्या कॅप्टनला लोकांनी तोवर राज्याच्या विधिमंडळात निवडून दिलं होतं. मी तिला सांगितलं की गेलेल्या माणसाला आता काय फरक पडणार, उगाच जुनी जखम कशाला उकरायची, गावाची बदनामी होईल. ती उभी राहून सगळं ऐकत होती. मग मी पेन्सिल घेतली आणि अकरावी ओळ खोडली.

छपाईसाठी आवळलेल्या फर्म्यातून ती ओळ तिनं अलगद काढली, दोरीनं बांधली आणि खिडकीजवळच्या फळीवर, म्हाताऱ्याच्या ठोकळ्याच्या रिकाम्या जागी ठेवली. मग दहा ओळी नीट बसवल्या आणि म्हणाली, घ्या छापून.

त्यानंतर नऊ वर्षं ती माझ्याकडे कामाला होती. वेळेवर यायची, वेळेवर जायची. माझे लेख जुळवायची. पनामाचा कालवा, बेटांवरची शांतता, जगभर फिरून आलेल्या आपल्या पांढऱ्या आरमाराचं कौतुक, सगळं तिच्या बोटांतून गेलं. मी कधी विनोद केला तर हसायचीही. त्या ओळीचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. फळीकडे न बघण्याची मी सवय लावून घेतली, आणि सवय कशाचीही लागते.

तिला पुरून आलो आणि छापखान्यात एकटा बसलो. फळीकडे गेलो. फळीवर बोटभर धूळ होती, जुन्या प्रुफांवर होती, खिडकीच्या चौकटीवर होती. त्या ओळीवर नव्हती. दोरीही नवी होती. म्हणजे नऊ वर्षं ती ओळ पुसत होती, दोरी कुजली की बदलत होती, मी पाठ फिरवून लेख लिहीत असताना. शाई लावली की काम झालं, अशी तयार ठेवली होती.

मी सहासष्ट वर्षांचा आहे. पोस्टमास्तरकी काढून घ्यायची तर घ्या म्हणावं. खालची ओळ मी जुळवलेली नाही, तिच्या हातची आहे. मी फक्त शाई लावतो आहे.

लायमन डंकली यानं आईला लिहिलेलं पत्र खरं होतं.